मालकिणीचा गालिचा

नांदुऱ्यात आम्ही भाड्याने घेतलेल्या खोलीत घरमालकिणीचा माहेरचा गालिचा अंथरलेला होता. गुंडाळून ठेवला की उंदीर कुरतडतात, म्हणून तो तसाच राहू द्यायचा, ही तिची अट. मला तर तिथंच लोकांचे कपडे शिवायचे होते. मग मी सरकीची रिकामी पोती उसवली, जोडून मोठं तरट केलं आणि त्यावर पायमशीन मांडली. मशीनला तेल देताना खाली जुनं धोतर टाकायची. सुई पडली, तर ती सापडेपर्यंत शिवण बंद. गालिचा तिचा, भाडं आमचं आणि वर राखणही मीच करायची!

काही वर्षांनी खोली सोडली. मशीन गाडीत चढवल्यावर मी तरट काढून गालिचा झाडला. मशीनच्या पायांनी त्यात चार खोल खळगे पडले होते. ते दिसू नयेत म्हणून त्यांच्यावर आमची मोठी ट्रंक ठेवली.

मालकिणीने येऊन गालिच्यावरून हात फिरवला.

“लय नवा ठेवला वं बाई. इथं कोनी शिवत होतं असं वाटूनच नाही राह्यलं.”

माझं डोकंच फिरलं. मी ट्रंक बाजूला सरकवली.

“हे पाहा. इथं बसून शिवत होती मी.”