कापलेल्या फोटोतला हात

माझ्या फोटोंना म्हणे शैली आहे. असं माझी नात म्हणते, आणि ती कॉलेजात शिकते म्हणून घरातले सगळे माना डोलावतात. खरं सांगू? ती शैली नाही, गुडघे आहेत. मला उभं राहवत नाही. आदिलाबादजवळच्या मावल्यात, आमच्या मळ्यात, मी पोतं अंथरून बसते आणि बसल्या जागेवरून मोबाइल धरते. त्यामुळे माझ्या फोटोंत वांग्याची झाडं माणसाएवढी दिसतात, बकरी डोळ्यांत डोळे घालून बघते, आणि माणसांचे हात चेहऱ्यांच्या आधी येतात.

नातीने जुना मोबाइल दिला तेव्हा हे असं नव्हतं. तेव्हा गुडघे बरे होते आणि मी हुशार होते. ज्याला त्याला भिंतीला टेकून उभं करायची. “हात खाली. हालू नको.” सगळे फोटो रेशनकार्डावर चिकटवायच्या लायकीचे. मुलगा म्हणाला, “आई, तू फोटो काढून राह्यली का चोर पकडून राह्यली?” मग गुडघे गेले आणि मी खाली बसले. बसलेल्या म्हातारीकडे कोणी लक्ष देत नाही. हातातलं काम चालू ठेवतात. तेव्हा कुठे मला माणसं दिसायला लागली.

सगळी दिसली, एक सोडून. थोरल्या जाऊबाई.

आम्ही दोघी चाळीस वर्षं मळ्यातल्या मांडवाखाली समोरासमोर बसून जुड्या बांधत आलो. मेथी, पालक, सांबार (आमच्याकडे कोथिंबिरीला सांबारच म्हणतात). पहाटे ऑटो यायच्या आत रैतू बाजाराचा, म्हणजे शेतकरी बाजाराचा, माल तयार करायचा. यंदा त्यांचा मुलगा त्यांना कायमचं बेल्लमपल्लीला न्यायचं म्हणत होता. आणि माझ्याकडे त्यांचा एकही फोटो नव्हता. मोबाइल उचलला की त्या पदर तोंडावर ओढायच्या. “मले नको काढू. तू मलेही निळा शालू नेसवशीन.”

त्या शालूची गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती माझीच करणी.

सासूबाई गेल्या तेव्हा मी पंचविशीची होते. दहावी पास, हिंदी बोलता येत होतं, म्हणजे साऱ्या आदिलाबादेत माझ्याएवढं शहाणं कोणी नाही अशी माझी पक्की खात्री. तेरवीला फोटो हवा होता. पण आमच्याकडे जिवंत माणसाचा एकट्याचा फोटो काढत नसत. एकट्याचा फोटो म्हणजे हाराचाच, अशी समजूत. सासूबाईंचा फोटो एकच होता, माझ्या लग्नातला. त्यात त्या जाऊबाईंच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या होत्या. “मी करते व्यवस्था,” म्हणत मी शिवणाची कात्री घेतली आणि सासूबाईंना कापून काढलं. नीट, गोल. स्वतःचं कौतुकही वाटलं.

स्टुडिओवाल्याने विचारलं, “अम्मा के माथे का गोदना हटा दूँ?”

“हटा दो,” मी म्हटलं. “और साड़ी अच्छी पहनाओ.”

त्याने नेसवली. निळा शालू, हातभर जर, गळ्यात टपोरा हार, आणि खाली कुणा भलत्याच बाईचे खांदे. सासूबाई जन्मभर हिरव्या लुगड्याचा काचा मारून मळ्यात राबल्या होत्या. तेरवीला सगळे फोटोला हात जोडत होते. जाऊबाई मात्र बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या. मग मला हळूच म्हणाल्या, “बाई, हे कोन हाये?”

जाऊबाईंना आई नव्हती. सासूबाईच त्यांची आई. हे मला ठाऊक होतं, आणि तरी मी फणकाऱ्याने म्हणाले, “तुमाले फोटोतलं काय समजते!” त्या पंचविशीच्या बाईला आज समोर बसवावं, दहा पोती मेथी निवडायला लावावी, आणि पाणीसुद्धा विचारू नये.

जायच्या दोन दिवस आधी जाऊबाई पेटी आवरत होत्या. लुगड्याच्या घडीतून त्यांनी एक पिवळट तुकडा काढून माझ्यासमोर धरला. “हे पाह्य.”

माझ्या लग्नाचा फोटो. त्यात मी पाडलेलं ते गोल भोक. भोकाशेजारी तरुण जाऊबाई, आणि त्यांच्या खांद्यावर एक हात. नुसता हात. बांगड्यांसकट. माझ्या शहाण्या कात्रीतून तेवढा सुटला होता.

“काऊन नाई दाखवला इतके वर्षं?” मी विचारलं.

“तू आनखी कापला असता.”

मी हसले नाही. त्याही नाही. मग त्याच म्हणाल्या, “काढ तुले काढायचा तर. पन एकटीचा नको. आन गोंदन पुसायचं नाई.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नेहमीसारख्या बसलो. मांडवातून ऊन तुकड्यातुकड्याने खाली येत होतं. त्यांच्या दातांत जुडी बांधायची केळीची ओली दोरी, हात माझ्यापुढे पसरलेला, पुढची मूठ मागत. मी डाव्या हाताने मेथी पुढे केली आणि उजव्याने बटण दाबलं.

नातीने तो फोटो मोठा करून बघितला. “आजी, मस्त आलाय! फक्त तुझा हात मधे आलाय. कापून टाकू?”

“नको!” आम्ही दोघी एकदमच ओरडलो. पोरगी दचकली.

जाऊबाईंनी मोबाइल हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. कपाळावरचं गोंदण बोटाने चाचपलं. फोटोतलं आधी, मग स्वतःचं. “हे मीच हाये,” म्हणाल्या आणि दोरी पुन्हा दातांत धरली.

आता त्यांच्या बेल्लमपल्लीच्या घरात तो फोटो भिंतीवर आहे. परवा त्यांचा फोन आला. सुनेने विचारलं म्हणे, हा हात कोणाचा?

“मंग तुमी काय सांगतलं?”

“म्हनलं, जिनं फोटो कापला होता, तिचाच.”