खिशातला ठोकळा

फोरमनच्या बायकोला एके काळी चारशे टेलिफोन नंबर तोंडपाठ होते, हे आज सांगून कुणाला खरं वाटायचं नाही. लग्नाआधी ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. लोक नंबरसुद्धा सांगायचे नाहीत; नुसतं "डॉक्टरांकडे जोडा" म्हटलं की हिने जोडलंच म्हणून समजा. लग्न झालं आणि फोरमनने नोकरी सोडायला लावली. "घरात कामाचं माणूस एक पुरे," म्हणाला. तेव्हापासून चाळीस वर्षं ती सगळ्यांची फोरमनीणबाई.

फोरमन बर्फाच्या कारखान्यात होता. कामाला वाघ, पण जिभेला हाड नाही. कुठल्याही मशीनला हात लावण्याआधी त्याचा फ्यूज काढायचा, शर्टाच्या खिशात टाकायचा आणि वरून बटण लावायचं, हा त्याचा नियम. फ्यूज माझ्या खिशात असताना मशीन चालू करणारा कोण मायेचा पूत आहे, बघू! चौतीस वर्षांत त्याच्या पाळीत कुणाचं बोट तुटलं नाही. हे तो जेवताना सांगायचा आणि पाहुण्यांना तर चप्पल काढायच्या आधी सांगायचा. त्याची आणखी एक खोड होती. नवा कामगार आला की त्याचा पाना लपवायचा आणि म्हणायचं, "आठव. आठव जरा." तो बिचारा रडकुंडीला आला की पाना काढून सगळ्यांसमोर खो खो हसायचं.

निवृत्त झाल्यावर परीक्षा घ्यायला घरात एकच माणूस उरलं.

तिचा चष्मा फ्रीजमध्ये सापडू लागला. किल्ल्या तांदळाच्या डब्यात. "आठव," तो म्हणायचा. सुरुवातीला तीही घाबरली. बाई गं, खरंच का आपलं डोकं चाललंय? मग एका दुपारी कपाटाच्या आरशात तिला दिसलं: फोरमन तिचा चष्मा उचलतोय, इकडेतिकडे बघतोय आणि फ्रीजचं दार हळूच उघडतोय.

बोलून कोण ऐकणार होतं? मुलगा दुसऱ्या गावी. दर आठवड्याला फोन येई तो फोरमन घेई आणि आतल्या खोलीत जाऊन सांगे, "तुझ्या आईला काही लक्षात राहत नाही रे." खरं कारण वेगळंच होतं. तिचे गुडघे गेले होते. उद्या ही अंथरुणाला खिळली तर हिचं करणार कोण? त्यापेक्षा ब्याद आधीच घराबाहेर काढलेली बरी. मुलाने एक वृद्धाश्रम शोधला. तिथे एकाच माणसाची जागा होती. फॉर्म घेऊन तो रविवारी येणार होता, आणि त्या फॉर्मवर आईचं नाव घातलेलं होतं. हे तिने दाराआडून ऐकलं.

त्याच आठवड्यात, बुधवारी, ऐन उन्हाळ्यात फोरमनने घरातल्या एसीचा, थंडावा कमीजास्त करायचा भिंतीवरचा थर्मोस्टॅट बदलायला काढला. जुना गोल खटक्याचा होता, नवा आकडे दाखवणारा. पोराला दाखवायचं होतं ना, म्हातारा अजून भक्कम आहे म्हणून! खाकी शर्ट घालून तो आधी परसात गेला. तिथे एसीच्या बाहेरच्या मशीनशेजारी भिंतीवर एक डबा आहे. त्यातला काड्यापेटीएवढा काळा ठोकळा उपटला की मशीनची वीज तुटते. तो त्याने उपटला, खिशात टाकला, बटण लावलं. मग घरातला मेन बंद करून भिंतीवरच्या वायरींना दोऱ्याने चिठ्ठ्या बांधल्या, एकेक वायर जुन्यातून सोडवून नव्यात बसवली. काम बघत राहावं असं! घामाने भिजलेला शर्ट त्याने धुण्याच्या टोपलीत टाकला आणि घरातला मेन चालू केला.

पडद्यावर आकडे उमटले. छतातला एसीचा पंखा फिरला. वारा आला, पण गरम.

"पाच मिनिटं थांबायचं असतं," फोरमन म्हणाला. अर्धा तास झाला. वारा गरमच.

संध्याकाळी धुणं भिजवायच्या आधी तिने सवयीने खिसे चाचपले. ठोकळा हाताला लागला. चौतीस वर्षांत न विसरलेला माणूस आज विसरला होता! ती ठोकळा द्यायला निघालीसुद्धा. दारात थांबून तिने आधी विचारलं, "अहो, बाहेरचा डबा एकदा बघता का?"

फोरमन स्टुलावर होता. खालीही न बघता म्हणाला, "तुला काय कळतंय त्यातलं? आधी स्वतःचा चष्मा सांभाळ."

बस्स. ती मागे फिरली. शर्ट न धुता टोपलीच्या तळाशी सारला आणि ठोकळा मिठाच्या बरणीत, मिठाखाली.

पुढचे तीन दिवस घराची भट्टी झाली. फोरमनने वायरी पाच वेळा सोडल्या, पाच वेळा जोडल्या. चिठ्ठ्या फाडून नव्या लिहिल्या. बॅटऱ्या बदलल्या, जाळी धुतली, शेवटी नवाकोरा थर्मोस्टॅटच खोलून त्याचे स्क्रू ताटलीत मांडले. परसातला डबा मात्र उघडला नाही. तो डबा उघडणं म्हणजे स्वतःवर संशय घेणं, आणि तेवढं पाणी त्या माणसात नव्हतं. शनिवारी तो वायर हातात धरून नुसता उभा होता. "लाल... लाल कुठली होती गं?" त्याने विचारलं. ती भाजी निवडत बसली होती. तिला लाल माहीत होती, पिवळीही माहीत होती. तिने सगळं लक्षपूर्वक पाहिलं होतं. "मला कसं लक्षात राहणार?" ती म्हणाली.

रविवारी मुलगा आला. भिंतीला खड्डे, लोंबणाऱ्या वायरी, ताटलीत स्क्रू आणि तीन दिवस दाढी न केलेला बाप. आई मात्र नीटनेटकी, चहाचा कप पुढे करणारी. मुलाने एसीवाल्याला बोलावलं. त्याने वायरी पाहिल्या, म्हणाला, "जोडणी तर झकास आहे," आणि परसात गेला. दोन मिनिटांत त्याची हाक आली, "अहो, इथे फ्यूजचा ठोकळाच नाही!"

सगळे फोरमनकडे बघायला लागले. त्याचा हात आपोआप खिशावर गेला. मग तो टोपलीकडे धावला, तळातून खाकी शर्ट ओढला, बटण उघडून खिशात बोटं घातली. खिसा रिकामा.

"बाबा, कुठे ठेवलात?"

"आठवा ना," बाई हळूच म्हणाली. "आठवा जरा."

फोरमनने मान वर केली. त्याला कळलं असावं. "हिने घेतलाय!" तो ओरडला. "हीच चोर आहे! विचार तिला!"

मुलाचा चेहरा पडला. त्याच्या खिशातल्या फॉर्मवर विसरण्याची लक्षणं छापली होती: वस्तू ठेवून न आठवणे, एकच काम पुन्हा पुन्हा करणे, घरच्यांवर चोरीचा आळ घेणे. एसीवाल्याने पिशवीतून नवा ठोकळा काढून बसवला. मशीन घरघरलं, थंड वारा सुटला आणि त्या थंड वाऱ्यात बसून मुलाने आईचं नाव खोडलं आणि वर बापाचं लिहिलं.

बॅग तिनेच भरली. बनियनं, दाढीचं सामान, औषधं. सगळ्यात खाली तो खाकी शर्ट, न धुतलेला. ठोकळ्यावरचं मीठ पदराने पुसून तिने तो खिशात टाकला आणि वरून बटण लावलं.

आठव्या दिवशी वृद्धाश्रमातून फोन आला. आता फोन तीच घेते.

"सापडला गं," फोरमन म्हणाला. आवाज इतका बारीक की तिला आधी ओळखूच येईना. "माझ्याच खिशात होता. मी हात घालून बघितलं होतं गं त्या खिशात. तूही होतीस ना तिथे? डोकं माझंच गेलंय. तुला मी उगाच चोर म्हटलं. चुकलो."

चाळीस वर्षांत हा शब्द त्याने एकदाही उच्चारला नव्हता. तिला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं. तिने रिसीव्हर कानाशी आणखी घट्ट धरला.

"इथे फार उकडतं," तो म्हणाला. "रविवारी येशील ना? नंबर लिहून घे इथला."

नंबर त्याने एकदाच सांगितला, अडखळत. तिला तो तिथल्या तिथे पाठ झाला.

"कुठला रविवार म्हणालात?" ती म्हणाली. "माझ्या काही लक्षात राहत नाही हो."