वजनासाठी घेतलेला माणूस

पुतणीने मला होडीवर घेतलं ते वजनासाठी. उजनीच्या पाण्यावर शिडाच्या होड्यांची तीन दिवसांची शर्यत होती. वारा जोराचा राहील असा अंदाज होता, आणि होडी कलंडू नये म्हणून कडेबाहेर झुकून बसणारा एक जड माणूस तिला हवा होता. सुकाणू तिच्या हातात, पुढचं शीड धरणाकाठच्या गावातल्या एका मासेमाराकडे, आणि मध्ये मी. वैरागहून पाठीवर गाठोडं घेऊन आलो आणि सोलापूरच्या नवी पेठेत चादरींचं दुकान उभं केलं, त्याला आता बरीच वर्षं झाली. पोहता येतं, एवढीच माझी पात्रता.

पहिल्या तिघांत आलो तर तिला राज्याच्या सराव शिबिरात जागा मिळणार होती. वयाच्या अटीमुळे पुढच्या वर्षी ती संधी नव्हती.

पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी पुण्याच्या एका होडीने आम्हाला घासलं. वारा आमच्या उजव्या अंगाने येत होता, त्यांच्या डाव्या. अशा वेळी वाट आमची आणि त्यांनी बाजूला व्हायचं, असा नियम आहे. ते झाले नाहीत. मी उठून त्यांना जे काही सुनावलं ते इथे लिहीत नाही. पुतणी ओरडली, "काका, खाली बसा, बुडवाल!"

संध्याकाळी काठावरच्या मांडवात पंच बसले. मोठा म्हणून आमच्या बाजूने मी बोललो. पुण्याचा गडी म्हणत राहिला की आम्ही ऐन वेळी दिशा बदलली. तेच तेच किती वेळ चालणार? मी शेवटी दुकानात म्हणतो तसं म्हणालो, "बरं, निम्मी चूक आमची, निम्मी तुमची. मिटवा." नवी पेठेत याला कोणी कबुली समजत नाही. आता चहा मागवा, एवढाच त्याचा अर्थ. पंचांनी मात्र आम्ही चूक मान्य केली असं धरलं आणि आमची ती फेरी बाद केली.

"अहो, मी तडजोड करत होतो!" मी ओरडलो.

"इथे तडजोड नसते, काका," पंच शांतपणे म्हणाले.

वाट आमचीच होती. हे मी आजही कोणालाही सांगायला तयार आहे.

बाहेर पुतणी आणि मासेमार उभे होते. माझा चेहरा बघून त्यांना कळलं. मासेमार म्हणाला, "उद्या वारा कमी हाय म्हणत्यात. शेट जड पडतील. माझा चुलतभाऊ निम्म्या वजनाचा हाय, पंचास्नी सांगून बदली घेऊ की."

त्याचं बरोबर होतं. मीही तसंच म्हणालो.

"न्हाय," पुतणी म्हणाली. "वारा हाय तवर बाहेर लोंबकळवायचं आन वारा पडला की उतरवायचं, हे मला जमणार न्हाय. तिघंच जायचं. जेवून घ्या, काका."

धंद्यात इतकी वर्षं गेली, पण स्वतःचं एवढं नुकसान पत्करून मला कोणी धरून ठेवलेलं आठवत नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी वारा खरंच पडला. शीड ओल्या टॉवेलासारखं लोंबायला लागलं. अशा वेळी होडीत हलायचं नसतं. मी खाली वाकून बसलो, पायाला मुंग्या आल्या.

"शेट, बोला की कायतरी, गुदमराल," मासेमार पुटपुटला.

"बोललो की हात हलतात माझे," मी म्हणालो.

बहुतेक होड्या पलीकडच्या काठाला निघाल्या. तिथे केळीची पानं हलताना दिसत होती. पुतणीने हळूच विचारलं, "काका, जायचं का तिकडं?"

आदल्या दिवशीच्या प्रकारानंतरही तिने मला विचारलं. वाऱ्यातलं मला काय कळतं? मी म्हणालो, "तुला काय दिसतंय?"

"मधल्या पाण्यावर काळपट पट्टा हाय. वारा असंल. नसंल पण."

"मग तुझ्या डोळ्यावर सोड."

ती जागेवर थांबली. बराच वेळ काही झालं नाही, आणि मी जन्मात पहिल्यांदा इतका गप्प बसलो. मग शिडाला हलकासा फुगवटा आला. काठाला गेलेल्या होड्या तिकडेच अडकल्या. आमच्यापुढे एकच होडी राहिली, नेमकी पुण्याची. आम्ही दुसरे आलो, आणि तीन दिवसांचे गुण धरून तिसरे, म्हणजे शिबिरातली जागा पक्की. ती बाद फेरी धरली असती तर पहिले. हा हिशेब माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

निकाल ऐकून पुतणी ओल्या कपड्यांनी काठावर खाली बसली आणि रडली. मी उठलो तशी तिने माझी बाही धरली.

"कुठं निघालात?"

"पंचांशी हात मिळवायला."

"मिळवा. तोंड उघडू नका."

पंचांशी मिळवला. पुण्यावाल्याशी नाही.

परतताना ती गाडीत मागच्या सीटवर झोपली. टेंभुर्णीपासून सोलापूरपर्यंत उसाच्या ट्रॉल्या आडव्या येत होत्या, पण मी एकदाही हॉर्न वाजवला नाही.