गोड शेवटाच्या चिठ्ठ्या

ती मालिका तेरा आठवड्यांनी बंद पडली आणि तिची नायिका बापाच्या दारात उभी ती उभीच राहिली. सासर सोडून आलेली, दार अर्धवट उघडं, आतून म्हाताऱ्या बापाचा खोकला, आणि पडद्यावर नावं. पुढचा भाग आलाच नाही. आमच्या रोहण्यातल्या बायका त्यानंतरही दोन-तीन आठवडे त्याच वारी, त्याच वेळेला टीव्हीसमोर येऊन बसल्या, आणि तिथे शेतीची माहिती लागलेली बघून चिडून उठल्या. नव्वदच्या दशकाची मधली वर्षं होती ती.

मी तेव्हा दिवसा आमच्या किराणा दुकानात बसायचो आणि संध्याकाळी दोन तास गावातल्या वाचनालयात. वाचनालय म्हणजे एक खोली, चार कपाटं आणि एक टेबल. एके दिवशी गावातल्या निवृत्त मास्तरीणबाईंनी त्या टेबलावर एक दोनशेपानी वही ठेवली. नायिकेचं पुढे काय झालं ते त्यांनी स्वतः लिहून काढलं होतं.

"एवढी पुस्तकं ठेवतो, हे बी ठेव," त्या म्हणाल्या. "कोणी नेली तं नेली."

वही त्याच आठवड्यात तीन घरं फिरली. मग दुसरी आली. त्यात नायिका नर्स झाली होती. तिसरीत तिचा नवरा पायी चालत तिला घ्यायला आला होता. दोन वर्षांत कपाटाचा एक खण या वह्यांनीच भरला. कोणत्याही वहीवर नाव नसे, कारण सासरी कळायला नको. ज्यांना नीट लिहिता येत नव्हतं त्या मास्तरीणबाईंकडे दुपारी जाऊन गोष्ट सांगायच्या आणि बाई ती आपल्या वळणदार अक्षरात उतरवून घ्यायच्या. त्यामुळे निम्म्या वह्या एकाच अक्षरातल्या. कोणती कोणाची, हे फक्त बाईंना ठाऊक, आणि त्या कधी सांगायच्या नाहीत.

अडचण निवडण्याची होती. सगळ्या वह्यांतली माणसं तीच, सुरुवातही तीच.

"भाऊ, ते सासू सुधरते ते वही देजो."

"तीन वह्यांत सुधरते, काकू. कोणती देऊ?"

"जिच्यात लवकर सुधरते ते. मले पुढच्या हप्त्यात वापस द्या लागते."

दुसरी एक जण वही परत करताना माझ्यावरच उखडली. "नवरा मरते ते काऊन देली मले? दोन दिवस मी ह्याईले विहिरीवर जाऊ देलं नाई. लोक हासून राह्यले आमच्यावर."

म्हणून मी चिठ्ठ्या सुरू केल्या. जुन्या लग्नपत्रिकांच्या पट्ट्या कापायच्या, मागच्या कोऱ्या बाजूवर गोष्टीत काय आहे ते दोन-चार शब्दांत लिहायचं, आणि दोऱ्याने वहीला बांधायचं. "सासू सुधरते." "नवरा मरतो." "नोकरी लागते." वाचणाऱ्या बायका आपल्याही चिठ्ठ्या बांधू लागल्या. "सासूले अक्कल येते", "सासू ठिकाणावर येते", "रडू येते पण वाचा". एका वहीला चौदा चिठ्ठ्या झाल्या. वही उघडली की त्या जेवणात केस यावेत तशा मध्ये मध्ये यायच्या.

मला व्यवस्थेची हौस होती. मी बसून एक यादी केली. सुधारणाऱ्या सगळ्या सासवा एका चिठ्ठीखाली आणल्या. बायकांनी थोडी कटकट केली, "लवकर" आणि "उशिरा" हे दोन शब्द तेवढे माझ्याकडून भांडून परत घेतले, पण वही सापडायला सोपी झाली हे त्यांनीही मानलं. आर्वीच्या एका वाचनालयाचे लोक माझी यादी बघायला आले तेव्हा मी नवा सदरा घालून बसलो होतो.

इथपर्यंत मी जे केलं ते सांगायला मला काही वाटत नाही. पुढचं मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

त्याच सुमारास माझी धाकटी बहीण आष्टीहून परत आली. तिचं सासर शेतकरी, भाजीपाला काढून आठवडी बाजारात विकणारं. माणसं वाईट नव्हती. आईने विचारलं, "मारते काय थो?" ती म्हणाली, "नाई." "खायाले देत नाईत?" "देतात." "मंग?" तेव्हा ती म्हणाली, "बोलत नाईत वो आई. कोणीच नाई. दिवस-दिवस. मी हाय का नाई, मलेच समजत नाई."

हे काही कारण आहे, असं आम्हाला कोणालाच वाटलं नाही. मला तर मुळीच नाही, कारण त्याच काळात माझ्यासाठी हिंगणीकडचं एक स्थळ आलं होतं. मुलीच्या मामांनी चहा पिता पिता सहज विचारलं, "बहीण नांदते ना?" मी म्हणालो, "नांदते ना. चार दिवस आली आहे." चार दिवसांचे चार महिने होत आले होते.

बहीण संध्याकाळी माझ्याबरोबर वाचनालयात येऊ लागली. ती त्या वह्या वाचायची. एकीमागून एक, खालमानेनं, अगदी अभ्यास केल्यासारख्या. आणि मी बघत होतो ती कोणत्या वह्या काढते. जिच्या चिठ्ठीवर "माहेरीच राहते" लिहिलेलं, ती.

मग मी यादीत आणखी एक सुधारणा केली. वाचकांना शेवट आधी कळावा असं वाटतं, असं कारण मी स्वतःला दिलं. जिथे नायिका परत नांदायला जाते, त्या वह्यांना लाल दोऱ्याने "गोड शेवट" अशी चिठ्ठी. जिथे ती जात नाही, त्यांना काळ्या दोऱ्याने "कडू शेवट". "माहेरीच राहते" ही चिठ्ठी मी सगळ्या वह्यांवरून काढून टाकली. काळ्या दोऱ्याच्या वह्या अकरा निघाल्या. त्या खालच्या खणात, नवरा मरतो त्या वह्यांच्या शेजारी ठेवल्या.

कोणी हरकत घेतली नाही. मास्तरीणबाईंनी एकदा चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, "कडू कोणासाठी?" मी ऐकलं नाही असं दाखवलं. बायका लाल दोरा बघून वह्या नेऊ लागल्या. काळ्या दोऱ्याची वही कोण नेणार? दिवसभर राबून रात्री कडू वाचायला कोणाला हवं असतं? सहा महिन्यांत त्या अकरा वह्यांवर धूळ बसली.

बहीण त्याआधीच गेली होती. चिठ्ठ्या बदलल्यानंतर पंधराएक दिवसांनी तिने स्वतःच आईला सांगितलं, "मी जाते." कोणी आग्रह केला नव्हता. मी तिला आष्टीपर्यंत पोचवून आलो. बसमध्ये ती खिडकीकडे बसली होती. माझं लग्न त्याच उन्हाळ्यात झालं. माझी बायको चांगली आहे. चांगली नसती तर कदाचित मला हे इतकं अवघड गेलं नसतं.

वर्षं गेली. बहिणीला दोन मुलं झाली. भाऊबीजेला भेट व्हायची. "कशी आहेस?" "बरी हाय." मी त्या 'बरी'ला घट्ट धरून होतो, पण माझं मन तिथे टिकत नव्हतं. दुकानात माप करताना मध्येच हात थांबायचा. बायको विचारायची, काय झालं? मी म्हणायचो, काही नाही.

नव्या शतकाचं पहिलं दशक संपत आलं तेव्हा वाचनालयाला एक संगणक मिळाला आणि वह्यांची यादी त्यात घालायचं ठरलं. ते कसं करतात हे बघायला मी आर्वीच्या सायबर कॅफेत जाऊन बसू लागलो. तिथे मला एक संकेतस्थळ सापडलं. दूरदूरची माणसं आपल्या आवडत्या मालिकांच्या, पुस्तकांच्या पुढच्या गोष्टी लिहून त्यावर ठेवत होती. म्हणजे आमच्या वह्याच, फक्त हजारोंनी. प्रत्येक गोष्टीखाली छोटे छोटे शब्द होते. टॅग म्हणतात त्यांना. मला इतका आनंद झाला की शेजारच्या खुर्चीवरच्या अनोळखी माणसाला मी ते दाखवलं. मग इंग्रजी शब्द लावत लावत मी तिथले नियम वाचले. गोष्टीत काय आहे ते टॅगने सांगावं. टॅग गोष्ट लिहिणाऱ्यानेच लावावेत. व्यवस्था बघणाऱ्यांनी एकाच अर्थाचे टॅग आतून जोडावेत, पण लिहिणाऱ्याचा शब्द पुसू नये.

तो शेवटचा नियम मी दोनदा वाचला. पैसे भरलेल्या तासातली वेळ शिल्लक होती, तरी उठलो.

दुसऱ्या दिवशी त्या अकरा वह्या काढल्या, दोरे कापले, कापडी पिशवीत भरल्या आणि आष्टीची बस धरली. तिथे जाऊन काय बोलायचं हे मला माहीत नव्हतं. पिशवी मांडीवर घेतली, खाली ठेवली, पुन्हा मांडीवर घेतली. शेजारचे आजोबा म्हणाले, "लय जड हाय काय हो?" मी नाही म्हणालो.

बहीण ओट्यावर सांबार, म्हणजे कोथिंबीर, निवडून जुड्या बांधत होती. दुसऱ्या दिवशी बाजार होता. घरात दुसरं कोणी नव्हतं, सगळे भाजीच्या वाडीत गेले होते. मला बघून ती हसली, पाणी दिलं, आणि परत कामाला बसली. मी पिशवी रिकामी केली आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. स्थळ, मामांचा प्रश्न, चिठ्ठ्या, काळा दोरा. माझा आवाज भलताच मोठा झाला होता.

तिने मध्ये अडवलं नाही. हात पदराला पुसले, वह्यांच्या गठ्ठ्यातून एक वही ओढली, न उघडता.

"हे माही हाय," ती म्हणाली.

"तुझी म्हणजे?"

"मी सांगतली, मास्तरीणबाईनं लिवून घेतली. तुले घरी बोलता येत नोतं मले. म्हटलं, थो सगळ्या वह्या वाचते, हे बी वाचन. मंग समजन त्याले."

मी ओट्याच्या कडेला बसलो.

"आठ दिवसानं येऊन पाह्यलं तं काया दोरा. कडू शेवट. म्हटलं, ठीक हाय. दादानं वाचली अन् जवाब देला." तिने जुडी बांधता बांधता विचारलं, अगदी साध्या आवाजात, "वाचली होती ना तू?"

खोटं बोलायची ती शेवटची संधी होती आणि ते सोपंही होतं.

"शेवटचं पान वाचलं होतं," मी म्हणालो. "सगळ्यांचंच. दोरा ठरवायला तेवढंच लागत होतं."

तिचे हात थांबले. इतक्या वर्षांत मी तिला रडताना पाहिलं होतं, रागावताना पाहिलं होतं. हा चेहरा पाहिला नव्हता. ती काहीतरी मोजत असल्यासारखी अंगणाकडे बघत राहिली.

"म्हंजे जवाब नोताच थो," ती म्हणाली.

"नव्हता."

"अन् मी गेली."

मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तिने हातानेच थांबवलं. "थे राहू दे. मंग आता वाच."

"घरी नेऊन वाचतो."

"नाई. अठीच. माह्यासमोर."

आर्वीची गाडी अर्ध्या तासात होती. ती गेली तर पुढची संध्याकाळी. मी वही उघडली. मास्तरीणबाईंचं अक्षर, पण वाक्यं माझ्या बहिणीची; ती जिथे श्वास घेते तिथेच थांबणारी. मालिकेतल्या नायिकेला भाऊ नव्हता, फक्त म्हातारा बाप होता. हिच्या गोष्टीत भाऊ होता. चौथ्या पानावर तो दुकानातून उठून दारापाशी येतो. मला वाटलं आता तो विचारणार, काऊन आली? तो विचारतो, "जेवली काय?"

मग ती दोघं जेवायला बसतात. भाऊ तिला दिवसभरात दुकानात कोण आलं, कोण काय म्हणालं, ते सांगतो. कोणाची गाय व्याली, कोणी साखर नेताना वजनावरून भांडलं. ती हसते. तो पुन्हा सांगतो. पानामागून पान नुसतं बोलणं, घडत काहीच नाही. मी एकदा मान वर केली, कारण अक्षरं पुसट झाली होती.

"कुठलोक आला?" तिने विचारलं.

"जेवून राह्यले दोघं."

"मंग अजून लय हाय," ती म्हणाली आणि सांबाराची पुढची जुडी हातात घेतली.