दोन बोटं माया

"फ्री अल्वा, मॅडम? अडजस्ट माडी."

फुकट मिळतंय ना, मग जुळवून घ्या. तो माइकवरून म्हणाला. सगळा हॉल हसला. मी उभीच होते.

मी म्हैसूरच्या मंडी मोहल्ल्यात ब्लाउज शिवते. आमचं घराणंच शिंप्याचं. मापं घातली की कटिंगचा नकाशा काढून देणारं एक सॉफ्टवेअर आम्ही शिवणाऱ्या बायका वापरायचो. फुकट, कोड सगळ्यांना खुला. ते चालवणारा इंजिनियर म्हणजे हाच माइकवरचा, इथलाच. बाजूच्या शिलाईत दोन बोटं माया, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, आपोआप धरली जायची. आमच्याकडे एक ब्लाउज वर्षानुवर्षं चालतो. लग्न होतं, बाळंतपण होतं, अंग भरतं. मग उसवून सैल करायचा. त्यासाठी आत कापड लागतं.

नव्या आवृत्तीत त्याने माया अर्धं बोट केली. कापड वाचतं म्हणे. नको करू, म्हणून आम्ही लिहून लिहून दमलो. "कारखान्यांना हेच हवंय," एवढं लिहून त्याने चर्चाच बंद केली. मी माझ्यापुरती सेटिंगमध्ये परत दोन बोटं घालून ठेवली. पुढच्या अपडेटने ती न सांगता पुसली.

मला कळलं ते सरोजम्मांच्या मुलीचा लग्नाचा ब्लाउज शिवून झाल्यावर. साडीतलंच कापड, दुसरा तुकडा कुठून आणणार? अंगात जाईना. आत सोडायला काही नव्हतं. सरोजम्मा माझं जुनं गिऱ्हाईक. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "निम् हत्र हीगागल्ल." तुमच्याकडे असं होत नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हेच सांगायला त्याच्या सॉफ्टवेअरच्या सभेत गेले होते. आणि हॉल हसत होता.

"कोड खुला आहे ना?" मी विचारलं. "मग जुनी आवृत्ती आम्ही घेतो."

"सांभाळणार कोण?"

"मी."

घरी आई म्हणाली, "सुम्ने, गप बसायचं की गे. कशाला ओढवून घेतलंस?"

खरंच, कशाला? दुपारी मशीन थांबवून कोड शिकते. थोडं कळतं, जास्त चुकतं. डोळे दुखतात. इतकी थकते की राग यायलाही त्राण उरत नाही.

परवा त्याचा निरोप आला. तुमचं काम आमच्या आवृत्तीत मिसळा, तुमचं नाव लावू. माया मात्र अर्धं बोटच राहील.

मी लिहिलं, नाही.

आमच्या प्रतीत माया दोन बोटं आहे. शिवणाऱ्या बायकांना विचारल्याशिवाय ती कुणी बदलणार नाही. मीसुद्धा नाही.