बाथरूममधली बिनपानांची आमरी

त्या वैशाखात आमच्या बिबवेवाडीच्या फ्लॅटमध्ये घरातले सगळे कढत पाण्याने आंघोळ करत होते. बाथरूममध्ये एक फांदी टांगलेली होती आणि तिला वाफ हवी होती.

बाबा वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. घाटमाथ्यावर बंगल्यांसाठी पाडलेल्या झाडाची ती फांदी त्यांनीच उचलून आणली आणि लगेच त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. ते खाटेवर, फांदी माझ्या ताब्यात. माझ्या हातून तुळससुद्धा जगत नाही, हे घरात सर्वांना ठाऊक.

फांदीवर आमरी, म्हणजे रानातलं ऑर्किड, होती. पान एकही नाही. सालीला शेवया चिकटाव्यात तशी नुसती मुळं. पानांचं कामही तीच करतात. कोरडी असताना करडी, पाणी मारलं की हिरवी. हिरवी झाली तर जिवंत.

शेजारचे काका बघून म्हणाले, "बांडगूळ का?"

"बांडगूळ दुसऱ्याचं खातं," बाबा खाटेवरून म्हणाले. "ही फक्त बसायला जागा मागते. खाणारे वेगळे."

फ्लॅट बाबांचा आहे. मी काकांसाठी चहा टाकायला गेलो.

रोज सकाळी मी इस्त्रीच्या बाटलीने पाणी मारायचो आणि बाबा विचारायचे, "किती?" आधी सगळी मुळं हिरवी व्हायची, मग निम्मीच. मी खिडकी झाकली, ओली पोती टांगली. "अहो, आता माणसांना बुरशी येईल," बायको म्हणाली. बुरशी भिंतीला आली.

एके सकाळी एकच मूळ हिरवं झालं, तेही टोकाशी. सांगितल्यावर बाबांनी वर पंख्याकडे बघितलं. त्यांना तिचं फूल बघायचं होतं.

"घेऊन जा," ते म्हणाले. "घाटमाथ्यावर, ओढ्याकाठी, धुकं अडतं तिथे. तिला वारा लागतो. बाथरूममध्ये वारा नाही, हे तुला सुचणार नव्हतंच. मलाही सुचलं नाही."

गेलो. ओढा कोरडा होता. काठच्या जांभळाला बाबांच्या जुन्या धोतराच्या पट्टीने फांदी बांधली. गाठ माझी, तेव्हा दोनदा मारली.

तेव्हापासून बाबा रोज मला गॅलरीत पाठवायचे. "कात्रजकडे ढग आहेत का?" आमरी होती पश्चिमेला आणि कात्रज दक्षिणेला, पण आमच्या गॅलरीतून दिसतं ते तेवढंच.

"नाहीत, बाबा."

"नीट बघ."

मी नीट बघायचो. नसायचेच.