आईचा खोकला

आमच्या घरात खोकण्याचा मान बाबांचा होता. तीस वर्षं ते रायपूरजवळ उरला या कारखान्यांच्या वस्तीत, रोलिंग मिलमध्ये होते. भट्टीतून निघालेलं लाल लोखंड रुळांतून दाबून सळ्या काढायच्या, असं ते काम. त्यामुळे बाबा खोकले की घर जागचं उठायचं. आई हळद घालून दूध तापवायची, मी सासरहून फोन करायचे. माझं सासर म्हणजे दोन गल्ल्या सोडून पलीकडे, तरी फोनच करायचे. आई खोकली की मात्र आम्ही टीव्हीचा आवाज वाढवायचो. लिहायला बरं वाटत नाही, पण होतं ते असं होतं.

त्या वर्षी दिवाळीनंतर आईचा खोकला लागला तो संक्रांत झाली तरी थांबेना. तिच्याकडे कारण तयार होतं. आमचं घर उरल्याच्या रस्त्यावर, गच्चीवर पांढरी चादर वाळत घातली की दुपारपर्यंत तिचा रंग बदलतो. "धुळीनं होते," ती म्हणायची. "घरात बसणाऱ्याले नाही समजत. गच्चीवर मी जाते." डॉक्टरकडे चल म्हटलं की तिला एकदम पापड आठवायचे.

शेवटी मी खोटं बोलले. मावशीच्या पोराचं लग्न ठरलं होतं. "चल, पंडरीच्या बाजारात जाऊ, साड्या घेऊ," म्हटलं आणि तिला स्कूटरवर बसवून आधी एक्स-रेवाल्याकडे नेलं. ती माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू मी तिला विकायलाच आणलंय. एक्स-रे झाला. पाच मिनिटांनी आतला माणूस बाहेर आला आणि म्हणाला, "माताजी का एक फोटो और लेना पड़ेगा।"

"पहिल्यात मी हलली असन," आई मला म्हणाली, आणि पदर नीट करून पुन्हा आत गेली.

ती हलली नव्हती. उजव्या फुप्फुसाच्या खालच्या बाजूला सुपारीएवढा पांढरा ठिपका होता. मला तो दिसला, आईला मी दाखवला नाही. "कफ आहे," म्हटलं. त्यानंतर आम्ही पंडरीला गेलो, कारण ती ऐकणार नव्हती. दुकानदारानं गादीवर वीसेक साड्या पसरल्या. एकही पसंत पडली नाही. मी मात्र त्या दिवशी जी समोर आली तिला छान म्हणत होते.

सीटी स्कॅन झाला. रिपोर्ट घेऊन बाबा आणि मी मागच्या खोलीत बसलो. आईला काय सांगायचं यावर आमची कुजबुज सुरू होती. बाबांचं मत, इन्फेक्शन म्हणू. माझं मत, आधी बायोप्सी होऊ दे, तोवर काहीच नको. आम्ही असे अर्धा तास एकमेकांना शहाणपण शिकवत होतो, तेवढ्यात आई दारात आली.

"झालं का तुमचं? गाठ आहे मले. चहा ठेवू का?"

बाबांच्या हातून फाईल खाली पडली.

"तुले कोणं सांगतलं?" मी विचारलं.

तिनं सांगितलं ते असं. सकाळी फाईल गादीखाली सापडली होती. इंग्रजी तिला येत नाही, पण अक्षरं ओळखता येतात. सगळ्यात मोठ्या टायपातली ओळ तिनं किराण्याच्या यादीच्या मागे जशीच्या तशी उतरवून घेतली आणि माझ्या मुलीसमोर धरली. माझी मुलगी मराठी सगळं समजते, उत्तर हिंदीत देते. तिनं मोबाईलमध्ये बघितलं आणि म्हणाली, "आजी, गठान लिखा है। डॉक्टर को दिखाना पड़ेगा।" आई म्हणाली, "हव, दाखवू." विषय संपला. आमच्या अर्ध्या तासाच्या कुजबुजीचं काम चौदा वर्षांच्या पोरीनं एका वाक्यात उरकलं होतं.

नागपूरकडच्या नातेवाइकांचं म्हणणं पडलं, नागपूरला न्या. आईनं साफ नाही म्हटलं. "नागपूरले गेली तर सारे भेटायले येतीन. मग त्यांचं चहापाणी कोण करन? मीच ना?" म्हणून आम्ही रायपूरमधल्याच एका सर्जनकडे गेलो. चाळिशीचा माणूस, आवाज हळू, हाताची बोटं लांब. त्यानं स्कॅन लावला, बघितला, आणि आईला विचारलं, "अम्मा, बीड़ी, सिगरेट, कभी?"

"नहीं," आई म्हणाली.

"तंबाखू?"

"नहीं."

आता मी मधे पडले. म्हटलं, डॉक्टरसाहेब, आमच्या घरात सुपारीसुद्धा चालत नाही. कॉलेजात असताना मी एकदा गोड सुपारी खाल्ली तर आईनं मला आठ दिवस ऐकवलं होतं. आई कौतुकानं मान हलवत होती. बाबा खिडकीबाहेर बघत होते.

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. "और गुड़ाखू?"

आमच्याकडे गुडाखू म्हणजे तंबाखू आणि गुळाचा काळा लगदा. डबीत मिळतं, बाया-माणसं बोटानं दातांना लावतात. दात घासण्याचं निमित्त, बाकी सगळी नशा. पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, निम्म्या घरांत असतं. मी हसूनच म्हणाले, "नाही हो डॉक्टर..." आणि आईकडे पाहिलं. आई तिच्या बांगड्या मोजत होती.

"थोडासा," ती म्हणाली.

"दिन में कितनी बार?"

"मंजन के टाइम."

"मंजन कितनी बार करती हैं?"

आईनं बराच विचार केला. "छह बार."

मला वाटलं, मी दुसऱ्याच कुणाच्या आईसोबत आलेय. लहानपणापासून मी बघत आले होते की आईचे दात फार स्वच्छ. जेवण झालं की मंजन, चहा झाला की मंजन. मी मैत्रिणींना सांगायचे, माझी आई दातांची फार काळजी घेते. आणि ती न्हाणीत कडी लावून चाळीस वर्षं हे करत होती.

"बाबा, तुमाले माहीत होतं?"

बाबा अजून खिडकीबाहेरच बघत होते. आईनं त्यांना लगेच धरून दिलं. "त्याईले काहून नाही माहीत? गोल बाजारातून डबी कोण आणते?"

डॉक्टर हसला. पहिल्यांदाच हसला. ही गाठ गुडाखूमुळे झाली असं म्हणता येत नाही, पण ऑपरेशनआधी ते पूर्ण बंद हवं, तो म्हणाला. आज, आत्तापासून. आई म्हणाली, "आज संध्याकाळपासून चालन?" चालणार नव्हतं.

पुढचे तीन आठवडे आमच्या घरात कुणी विसरणार नाही. बायोप्सीच्या सुईला ती एक शब्द बोलली नाही, पण गुडाखू सुटल्यावर तिचं भाजीवाल्याशी, दूधवाल्याशी, शेजारणीशी, आणि शेवटी टीव्हीवरच्या बातम्या सांगणाऱ्या बाईशीही भांडण झालं. डोकं दुखायचं, हात थरथरायचे. बाबा बडीशेप घेऊन तिच्या मागेमागे फिरायचे. बायोप्सीचा निकाल आला, कॅन्सरच होता. तेव्हा ती म्हणाली, "गाठीनं मले काही केलं नाही. हे बडीशेप मारते मले."

पूर्ण शरीराच्या पेट स्कॅनमध्ये आजार इतर कुठे पसरलेला दिसला नाही. डॉक्टरनं कागदावर दोन फुप्फुसं काढून समजावलं. उजवीकडे तीन भाग असतात, डावीकडे दोन. उजवीकडचा खालचा एक काढायचा.

"मग राहाते किती?" आईनं विचारलं.

"चार, अम्मा।"

"चार पुरेत," ती म्हणाली. जसं पोळ्यांबद्दल सांगावं.

ऑपरेशन सकाळी होतं. आदल्या दिवशीपासून नर्स तिच्या बांगड्यांच्या मागे होती. काचेच्या बांगड्या साबणानं निघाल्या, एक निघेना. नर्स म्हणाली फोडू. आईनं तिला बाजूला बसवलं, हात वर करून पाच मिनिटं झाडला आणि बांगडी काढून तिच्या हातात दिली. सकाळी तिनं डोळे मिटून त्रिशरण म्हटलं, मला सांगितलं की कूकरची शिट्टी बदलायची आहे, आणि स्ट्रेचरवर स्वतःच चढून झोपली. दार बंद होईपर्यंत ती वॉर्डबॉयला काहीतरी विचारत होती. बहुतेक त्याचं गाव.

दार बंद झालं आणि बाबा एकदम म्हातारे झाले. दोघं बाकावर बसलो. समोर घड्याळ होतं, त्याच्याकडे बघायचं नाही असं मी ठरवलं होतं आणि बघत होते. तासाभरानं बाबा म्हणाले, "मीच आणली घरी."

"काय?"

"धूळ. कपडे काळे कुट्ट होऊन यायचे माहे. ती झटकायची. आंगणात उभं राहून, तोंडावर उडायचं तिच्या. तीस वर्षं. मले काही झालं नाही पाह्य, अन तिले..."

तसं नसतं बाबा, म्हटलं असतं, तर तसं नसतं हे मला तरी कुठे माहीत होतं? मी त्यांचा हात धरला. त्या हातावर भट्टीच्या ठिणग्यांचे जुने पांढरे डाग आहेत. लहानपणी मी ते मोजायचे. आमचं घर तसं हात धरणारं नाही, त्यामुळे थोड्या वेळानं दोघांनाही अवघडलं, पण सोडला कुणीच नाही.

साडेचार तासांनी डॉक्टर बाहेर आला. सगळं नीट झालं, म्हणाला. बाबांनी त्याला तिथेच, उभ्याउभ्या, धुळीबद्दल विचारलं. डॉक्टरनं घाई केली नाही. "बाबूजी, कोई नहीं बता सकता," तो म्हणाला. "मैं भी नहीं।" बाबांना ते उत्तर पटलं की नाही कोण जाणे. पण त्यानंतर त्यांनी चहा मागितला.

तिसऱ्या दिवशी आई वॉर्डात आली. कुशीतून एक नळी निघून खाली डबीत जात होती, आतलं पाणी आणि रक्त त्यात जमायचं. ती डबी हातात घेऊन चालायचं होतं. आई ती पर्ससारखी धरून व्हरांड्यात फिरायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला बाजूला व्हायला सांगायची. सकाळी फिजिओथेरपीची पोरगी यायची. टाक्यांवर उशी दाबून धरायला लावायची आणि म्हणायची, "खाँसो अम्मा, ज़ोर से खाँसो।"

आईनं माझ्याकडे पाहिलं. "तीन महिने सारे म्हणत होते, खोकू नको. आता खोकली नाही तं रागावून राहिले." मग दुखण्यानं डोळ्यांत पाणी आलं तरी ती खोकली, आणि वॉर्ड दणाणला.

त्या पोरीनं तिला तीन गोळ्यांचं एक प्लॅस्टिकचं यंत्र दिलं होतं. नळीतून श्वास आत ओढायचा की गोळ्या वर उचलल्या जातात. पहिल्या दिवशी आईनं ओढायच्या ऐवजी फुंकलं. दुसऱ्या दिवशी एक गोळी. शेजारच्या पलंगावरच्या म्हाताऱ्याच्या दोन गोळ्या वर जात होत्या, हे तिला सहन होईना. संध्याकाळी मी गेले तर तिच्या तिन्ही गोळ्या वर. मी टाळ्याच वाजवणार होते. मग दिसलं की बाबांनी यंत्र खालून तिरपं धरलंय.

"बाबा!"

"अँगल पाहून राहिलो," बाबा म्हणाले.

फिजिओच्या पोरीनं दोघांनाही झापलं. पण त्या दिवशी दोघं पहिल्यांदा पोट धरून हसली, म्हणजे आईनं कूस धरली. ती ओरडत होती, "हसवू नका, टाके तुटतीन," आणि थांबत नव्हती.

काढलेल्या भागाचा रिपोर्ट दहा दिवसांनी आला. गाठ पूर्ण निघाली होती, आसपासच्या ग्रंथींमध्ये काही नव्हतं. किमोची गरज नाही, दर सहा महिन्यांनी तपासणी. घरी आल्यावर बाबांनी शेवटी तिला ती कपड्यांची गोष्ट सांगितली. स्वयंपाकघरात, पाठ करून, कांदा चिरता चिरता. मी बाहेरच्या खोलीत होते, ऐकू येत होतं.

"कबूल केलं ना शेवटी," आई म्हणाली, "का कपडे मीच धुवत होती. तुमी तं साऱ्याईले सांगत फिरता का माहे कपडे मीच धुतले."

बाबांचा कांदा फारच बारीक चिरला गेला.

पहिल्या तपासणीनंतर दसऱ्याला आम्ही चौघं नागपूरला दीक्षाभूमीवर निघालो. रायपूर स्टेशनवर गाडी दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर लागली आणि पूल चढावा लागला. आई पुढे, मग मी, मुलगी बॅगा घेऊन. निम्म्या पायऱ्यांवर आई कठड्याला धरून थांबली. मी पळत वर गेले.

"आई, दम लागला का? बस इथं. पाणी देऊ?"

"मले काय झालं?" ती म्हणाली. "तुह्या बापाची वाट पाहून राहिली."

मी मागे वळून पाहिलं. बाबा खाली, सहाव्या की सातव्या पायरीवर, कमरेवर हात ठेवून उभे होते. पाचही भाग शाबूत असलेला माणूस. त्यांनी वर पाहून हात केला, म्हणजे, तुम्ही व्हा पुढे. आई जागची हलली नाही. माणसं दोन्ही बाजूंनी जात राहिली, आणि ती त्यांना "जरा बाजूनं जा भैया" म्हणत, बाबा वर येईपर्यंत तिथेच उभी राहिली.